पानकौडी खाली उतरवताना

अवकाशयान वर पाठवणं सोपं असतं. माझ्या बायकोनं ते एका दुपारी, पलंगावर पालथं पडून, चहाची वेळ व्हायच्या आत पाठवलं होतं. खाली उतरवणं मात्र माझ्या वाट्याला आलं. आणि मी जन्मभर जूट मिलच्या स्टोअरमध्ये काम केलेला माणूस. खिळे, पट्टे, यंत्राचं तेल यापलीकडे मी काही उतरवून घेतलेलं नाही, आणि तेही ट्रकमधून.

यानाचं नाव पानकौडी. म्हणजे आपला पाणकावळा. 'शरतपर्णी' मासिकाच्या दर पूजा अंकात, म्हणजे आपल्या दिवाळी अंकासारख्या अंकात, माझी बायको शेफालिका या यानाची एक कादंबरी लिहायची. तीस-बत्तीस वर्षं लिहिली. कोलकात्यातल्या आमच्या ढाकुरियात पूजेला नवे कपडे, नवे बूट आणि नवी पानकौडी लागायची. बूट चावले तरी चालायचे, पानकौडीला उशीर झालेला चालायचा नाही.

शेवटची काही वर्षं तिचा हात कापायचा. ती सांगायची आणि मी लिहून घ्यायचो. त्यामुळे अख्ख्या कोलकात्याची समजूत अशी, की शेवट मला ठाऊक आहे. मला शेवट ठाऊक नव्हता. मला मधलंही धड ठाऊक नव्हतं. ती शनीच्या कड्यांमधून यान काढायची तेव्हा मी जोडाक्षरं सांभाळत असायचो. चाळीस वर्षं इथे राहून बंगाली बोलतो बरी, पण लिहिताना त्या भाषेतली जोडाक्षरं मला अजून दमवतात.

गेल्या वर्षीच्या कादंबरीत यान पृथ्वीकडे वळलं. शेवटचं वाक्य सांगून झाल्यावर शेफालिका म्हणाली, "बास. पुढच्या वर्षी सगळ्यांना घरी आणू." फाल्गुनात ती गेली. घरी आणायचं राहिलं.

श्राद्धानंतरचं माशाचं जेवण उरकलं, आणि 'शरतपर्णी'चे संपादक अधीर बागची हात धुऊन, रुमालाला पुसत माझ्याजवळ येऊन बसले.

"जामाईबाबू, वाईट वाटून घेऊ नका. पण मजकूर आषाढात लागतो."

"कसला मजकूर?"

"पानकौडी."

"अहो, ती गेली."

"लेखिका गेल्या. पानकौडी वरच आहे. आत एकोणीस माणसं आहेत. त्यांना तिथेच लोंबकळत ठेवायचं?"

मी म्हटलं, मी स्टोअरचा माणूस. मला कादंबरी येत नाही. तेव्हा त्यांनी आवाज खाली आणला. मालकांच्या डोक्यात एक नवा लेखक आहे म्हणाले. हुशार आहे, झपाझप लिहितो. पण त्याला शेवट करायचा नाही. पानकौडी पुन्हा मागे वळवून आणखी तीस वर्षं चालवायची त्याची तयारी आहे. "कॅप्टन बुलूचं मंगळावर लग्न लावून द्यायचं म्हणतोय. त्यात बुलू नवरा की नवरी, ते अजून ठरवलेलं नाही म्हणे."

शेवटचं वाक्य मला तेव्हा विनोदच वाटलं. तो विनोद नव्हता हे पुढे कळलं. त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे एवढंच आलं, की शेफालिकेनं पृथ्वीकडे वळवलेलं यान कुणीतरी परत फिरवतोय. मी म्हटलं, "मी लिहितो."

अधीरबाबूंनी माझे दोन्ही हात धरले. त्यांच्या बोटांना अजून मोहरीचा वास होता.

पहिली अडचण माझ्या नावाची. मी यशवंत ठोसर. पण हा मोहल्ला शेफालिकेच्या माहेरचा, त्यामुळे शाळकरी पोरीपासून ऐंशीच्या म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांचा मी जामाईबाबू. ज्यांना आणखी जवळीक दाखवायची असते, ते माझ्या नावाला बंगाली पद्धतीनं मोठ्या भावाचा 'दा' जोडतात. यशवंतदा म्हणायला लांब पडतं, म्हणून यशोदा. बंगालीत 'य'चा 'ज' होतो, म्हणून जशोदा. बहात्तर वर्षांच्या मिशीवाल्या माणसाला भर बाजारात "ओ जशोदा, कोळंबी घेतली का?" असं विचारतात आणि कुणी वळूनही बघत नाही.

शेफालिका गेली त्या दिवशी कागदपत्रांची धावपळ हाबूलनं केली. हाबूल घोडुई आमच्या क्लबाचा सचिव. कुणाच्याही घरी काहीही झालं तरी तोच धावतो. मयताच्या नवऱ्याचं नाव विचारल्यावर त्याच्या तोंडात जे बसलेलं होतं तेच त्यानं सांगितलं. दाखल्यावर छापून आलं : पती, जशोदा ठोशोर. आता 'शरतपर्णी'च्या मालकांना वारसाची सही हवी होती, आणि वारस जशोदा.

दुरुस्तीसाठी मी महापालिकेच्या खिडकीपाशी गेलो. आतल्या गृहस्थांनी दाखला बघितला, मला बघितलं.

"जशोदादेवींना घेऊन या."

"मीच जशोदा."

"अहो मशाय, इथे माणसं रांगेत उभी आहेत."

मी दोनदा गेलो, तिसऱ्यांदा गेलो नाही. 'शरतपर्णी'च्या कागदावर मी निमूटपणे जशोदा म्हणून सही केली. एवढ्यानं माझं काय जाणार होतं? जे जायचं ते फाल्गुनातच गेलं होतं.

मग मी लिहायला बसलो, आणि एका सकाळीच शेवट पुरा केला. तो असा : 'पानकौडी सुखरूप उतरली. एकोणीस माणसे मोजून घेतली. मोडतोड नाही.' कागद घेऊन मी स्वतः कॉलेज स्ट्रीटला, 'शरतपर्णी'च्या कचेरीत गेलो. अधीरबाबूंनी वाचलं, उलटून मागची बाजू बघितली.

"हे काय आहे?"

"शेवट."

"जामाईबाबू, ही मालाची पोच आहे!"

"पण उतरली ना?"

"लोक तीस वर्षं थांबलेत हो. निदान शंभर पानं तरी रडू द्या त्यांना."

शंभर पानं. मी ट्राममधून घरी येताना विचार करत होतो, की माणूस शंभर पानं रडतो म्हणजे नेमकं काय करतो. मी दोन महिने रडत होतो. ते लिहून काढलं असतं तर अर्धं पान झालं नसतं.

मी लिहितोय ही बातमी फुटली, आणि सल्ले सुरू झाले. खालच्या मजल्यावर निशीथबाबू आणि त्यांची बायको, आमच्या मिनती बौदी, म्हणजे वहिनी, राहतात. निशीथबाबू शाळेत पदार्थविज्ञान शिकवायचे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण शिकवणं थांबलेलं नाही. ते सकाळी चहाचा पेला घेऊनच वर आले.

"शास्त्र बिघडवू नका म्हणजे झालं," ते म्हणाले. "इतक्या वेगानं गेलेल्या माणसांचं वय हळू वाढतं. ते तरुणच परत येणार. इथे मात्र काळ भराभर गेलेला असणार. मागे राहिलेले सगळे संपलेले."

"सगळे?"

"सगळे. शेफालिकाही याबाबतीत जरा ढिली होती, पण शेवटी तरी बरोबर असावं. दार उघडायला घरात कुणीही नाही. शास्त्र आहे, जशोदा, माझ्या हातात नाही."

मी पेनाला टोपण लावलं. तेवढ्यात जिन्यात मिनती बौदींचा आवाज आला.

"अहो, कुणापुढे काय बोलताय! खाली या आधी!"

"मी प्रकाशाच्या वेगाबद्दल बोलतोय."

"प्रकाशाचा वेग राहू दे. तुम्ही या वेगानं."

ते गेले. नंतर बौदींनी वाटीभर खीर पाठवली. खीर चांगली होती. पण त्या दिवशी मी एक ओळ लिहिली नाही.

त्यानंतर हाबूल आला. हा प्रकार जास्त गंभीर होता, कारण हाबूल कधी एकटा येत नाही, कमिटी घेऊन येतो. सगळे पलंगावर ओळीनं बसले. यंदाच्या दुर्गापूजेचा मांडव म्हणून पानकौडी उभारायची असं ठरलं होतं. मांडव म्हणजे अख्खं यान, बांबूचं, चार मजली उंच. आत देवी. देवीच्या पुढे सुकाणूपाशी कॅप्टन बुलू, मातीचा. "शेफालिकादींना आमच्याकडून एवढंच," हाबूल म्हणाला, आणि त्याचे डोळे खरोखर भरून आले. माझेही आले. मी हो म्हणून बसलो. डोळे भरून आलेले असताना माणसानं कशालाच हो म्हणू नये, हे मला या वयात समजायला हवं होतं.

कारण चारच दिवसांनी हाबूल परत आला. "जामाईबाबू, यान कुठे उतरतं?"

"अजून ठरलं नाही."

"पाण्यात उतरवू नका. बांबू कुजतात."

"बरं."

"आणि आगही नको. आगीचं नाव काढलं तरी परवानगी मिळत नाही."

"बरं."

"आणि मागून एक दार द्या."

"यानाला?"

"अग्निशमनवाले म्हणतात, एका दारानं माणसं आत आणि दुसऱ्यानं बाहेर, तरच सही. आता मांडवाला मागचं दार आहे आणि कादंबरीतल्या यानाला नाही, असं कसं दिसेल? लोक पुस्तक घेऊन येतात हो बघायला."

तीस वर्षं एकाच दारावर तगलेल्या यानाला मी मागचं दार दिलं. ते इतकी वर्षं का दिसलं नव्हतं, याचं कारण म्हणून त्याच्यापुढे तांदळाची पोती रचली होती असं लिहिलं. हा भाग मला जमला. पोत्यांबद्दल मी अधिकारानं लिहू शकतो. अधीरबाबूही म्हणाले, की पोत्यांचं वर्णन जिवंत उतरलंय.

त्या कौतुकानं माझा तोल गेला असावा. मी पुढचं प्रकरण घेतलं. पृथ्वी जवळ आलीय, खिडकीतून निळं दिसतंय, आणि कॅप्टन बुलू एकटाच सुकाणूपाशी उभा आहे. आता कॅप्टननं काहीतरी करायला हवं. मी लिहिलं : 'बुलूने दाढीवरून हात फिरवला.' यानात न्हावी नव्हता, तेव्हा दाढी असणारच. वाक्य मला आवडलं. मी पानं पाठवून दिली.

दुसऱ्या दिवशी अधीरबाबूंचा फोन. फोन कसला, आरडाओरडा.

"दाढी कुठून आणलीत?"

"वाढली असेल."

"बुलूला दाढी? बुलू बाई आहे!"

"कोण म्हणतं?"

"माझी आई म्हणते. बायको म्हणते. आमच्या कचेरीत मुद्रितं तपासणाऱ्या दोन मुली आहेत, त्या दोघी सकाळपासून माझ्याशी बोलत नाहीत!"

"आणि तुम्ही इतकी वर्षं काय समजत होता?"

"मी पुरुष समजत होतो," अधीरबाबू म्हणाले. "आजच कळलं."

इथे मराठी वाचकाला एक सांगणं भाग आहे. बंगालीत 'तो गेला' आणि 'ती गेली' यांत काडीचा फरक नाही. क्रियापदावरून बाई की पुरुष कळत नाही आणि सर्वनामावरूनही कळत नाही. इथल्या लोकांना त्याचं काही वाटत नाही. मला मात्र सुरुवातीला फार जड गेलं. लग्नानंतर शेफालिका म्हणाली, "माझ्या लहानपणीचं कुणी जेवायला येणार आहे, रात्री इथेच झोपेल." मी खूश होऊन स्वतः बाजारातून गजरा आणला. दारात सहा फुटी पैलवान उभा. गजरा मी पाठीमागे धरून तसाच जेवायला बसलो होतो. मराठी माणसाचं डोकंच असं, की तो की ती हे ठरल्याशिवाय पुढचं क्रियापद सुचत नाही. 'कॅप्टन' हा शब्द ऐकला त्याच दिवशी मी मनात 'तो' ठरवून मोकळा झालो होतो. विचारावंसंही कधी वाटलं नाही.

दाढीची बातमी दुपारपर्यंत ढाकुरियात पोचली. मिनती बौदी या वेळी स्वतः वर आल्या, मागून निशीथबाबू.

"दाढी म्हणे! एकोणीस माणसांचं दोन वेळचं जेवण कोण ठरवतं? बुलू. भांडणं कोण मिटवतं? बुलू. सगळे झोपल्यावर दिवे कोण मालवतं? बुलू. जामाईबाबू, असा पुरुष तुम्ही कुठे पाहिलात, मला दाखवा."

"तीस वर्षांत वाटेत थांबून कुणाला रस्ता विचारला नाही," निशीथबाबू म्हणाले. "तो पुरुषच."

"पण रस्ता चुकली का कधी? नाही ना? मग बाईच."

"मिनती, तू इतकी वर्षं माझ्या शेजारी बसून बाई म्हणून वाचत होतीस?"

"तुम्ही पुरुष म्हणून वाचत होतात?"

दोघं एकमेकांकडे असे बघायला लागले, जणू लग्नच चुकीच्या माणसाशी झालंय. संध्याकाळी खालून ताटं आपटल्याचे आवाज आले. अशी ताटं त्या आठवड्यात बऱ्याच घरांत आपटली म्हणे.

हाबूल तर रडकुंडीला आला होता. कुमारटुलीत मूर्ती करणारे पालमशाय मातीत हात घालून खोळंबले होते. मिशी काढायची की अंबाडा बांधायचा, एवढंच त्यांना विचारायचं होतं. ओली माती वाट बघत नाही.

"तुम्ही सांगा, जामाईबाबू. तुम्ही लिहून घेत होतात. दीदी कधीतरी बोलल्या असतील."

"नाही बोलली."

"तीस वर्षांत?"

"मी विचारलं नाही, हाबूल."

त्यानं डोकं खाजवलं. मग म्हणाला, "तो लघुग्रहाचा भाग आठवतो? बुलू एकटी बसून रडते. म्हणजे बाईच असणार."

"मी रोज रडतो," मी म्हटलं.

हाबूलनं उठून विचारलं, चहा करू का. त्यानं केलेला चहा फार वाईट होता, पण मी सगळा प्यायलो.

मग मी सगळ्या कादंबऱ्या काढल्या आणि स्टोअरच्या माणसाप्रमाणे तपासायला बसलो. इंजिनिअरला टक्कल आहे. डॉक्टरीणबाईंना संधिवात आहे. स्वयंपाक्याच्या कानात केस आहेत. बुलूच्या अंगावर पहिल्या पानापासून अवकाशवेश आणि डोक्यावर शिरस्त्राण. बुलूला ताप येतो, राग येतो, झोप येत नाही. बुलूला चिंचेचं लोणचं आवडतं. पण मिशी नाही, बांगडी नाही, कुणाचा काका नाही की मावशी नाही. कुणी बुलूला दादा म्हणत नाही, दीदी म्हणत नाही. सगळे कॅप्टनच म्हणतात. इतक्या हजारो पानांत एकदाही पाय घसरलेला नाही.

स्टोअरमध्ये एक गोष्ट मी शिकलो होतो. माल थोडाफार इकडचा तिकडे होतोच. वर्षानुवर्षं एक खिळाही हललेला नसेल, तर त्याचा अर्थ कुणीतरी तो मुद्दाम सांभाळतंय.

शेफालिकेची थोरली बहीण श्रीरामपूरला असते. आम्ही तिला बडदी म्हणतो. वय झालंय, ऐकू कमी येतं, पण गुडघे अजून शाबूत असल्याचा तिला अभिमान आहे. मी गेलो तेव्हा ती जमिनीवर बसून केळफूल निवडत होती.

"बडदी, एक विचारायचं होतं. बुलू बाई की पुरुष?"

"काय?"

"बुलू!" मी ओरडलो. "कॅप्टन बुलू! बाई की पुरुष?"

शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई थांबून बघायला लागली.

बडदी केळफुलाची एक पाकळी सोलत राहिली. "कसला कॅप्टन?"

"शेफालिकेच्या कादंबरीतला."

"मी कुठे वाचते ती विमानांची पुस्तकं." तिनं तेलाचा हात फडक्याला पुसला. "बुलू तर तुमच्या बाळाचं डाकनाव."

डाकनाव म्हणजे घरात हाक मारायचं नाव. बंगाल्याला एक नाव जगासाठी आणि एक घरासाठी असतं, आणि घरचं नाव आधी ठेवतात.

"आमचं कुठलं बाळ?" मी विचारलं. विचारताना मला समजत होतं कुठलं.

"सातव्या महिन्यात गेलं ते. दुसरं कुठलं होतं तुमचं?" बडदी म्हणाली. बहिऱ्या माणसांना आवाज कुठे खाली आणायचा हे कळत नाही. ती सगळं मोठ्यानं सांगत होती. "मीच सुचवलं होतं नाव. मुलगा झाला तरी चालेल, मुलगी झाली तरी चालेल. ती पोटावर हात ठेवून हाका मारायची. तुला नाही माहीत?"

"नाही."

"तुझ्यासमोर लाजत असेल. नवऱ्यासमोर असलं कुणी करत नसे तेव्हा." तिनं पुढची पाकळी उलगडली. "आणि त्या दिवशी तू रक्ताच्या बाटलीसाठी धावत होतास. नर्स सांगायला आली, मुलगा होता की मुलगी. शेफा म्हणाली, सांगू नका. मी म्हटलं, अगं, ऐकून तरी घे. नाही म्हणाली. मग नर्सला मलाही सांगू दिलं नाही."

मी भिंतीला टेकून बसलो. शेजारची बाई कपडे तिथेच टाकून आत निघून गेली होती.

"पुढच्या पावसाळ्यात ती इथे आली होती," बडदी म्हणाली. "पालथी पडून सारखी लिहायची. मी म्हटलं, काय लिहितेस? म्हणाली, बुलूला लांब पाठवलंय, बडदी. येणार आहे परत. मी म्हटलं, बरं." तिनं माझ्याकडे बघितलं. "आलं का रे?"

बडदीनं केळफुलाची भाजी करून घातली. मी जेवलो आणि घरी आलो.

दाढी खोडली. हाबूलला सांगितलं, की पालमशायना म्हणावं, शिरस्त्राण चढवा आणि काच खाली घ्या, आत काय आहे ते लोकांना ठरवू दे. हाबूल म्हणाला, लोक फाडून खातील. मी म्हटलं, मला खाऊ दे. अधीरबाबूंना सांगितलं, दाढी नाही आणि साडीही नाही.

"एक शब्द घाला हो," ते फोनवर काकुळतीला आले. "एकच. कपाळावर टिकली तरी. नाहीतर सिगारेट तरी."

"नाही."

"वाचक विचारतील."

"विचारू देत."

"मालक नाराज होतील. त्या नव्या लेखकाला—"

"अधीरबाबू, कागदावर सही जशोदाची आहे. एक अक्षर बदललंत तर जशोदा सही मागे घेईल. आणि जशोदा नेमकी कोण, हे तुम्हाला कोणत्याच खिडकीवर सिद्ध करता येणार नाही."

हे वाक्य मला कसं सुचलं कोण जाणे. जन्मात मी कुणाला असा दम दिला नव्हता.

मग मी सगळ्यांना एकेक करून घरी पोचवलं. इंजिनिअर आसनसोलला भावाकडे गेला. डॉक्टरीणबाईंना घ्यायला भाची आली. स्वयंपाक्याला मी कुणीच दिलं नव्हतं, पण वाईट वाटलं म्हणून एक मुलगा दिला. ज्याला त्याला दार उघडणारं कुणीतरी दिलं. निशीथबाबूंचं शास्त्र मी पाळलं नाही, आणि त्यांना तसं जिन्यात सांगितलं. ते म्हणाले, "चालेल, जशोदा." पहिल्यांदाच ते कशाला तरी चालेल म्हणाले.

बुलूचं तेवढं राहिलं.

तिथे मी अडलो. दुपारची वेळ आहे, एवढं ठरलं होतं. कडी वाजते. आतून एक म्हातारा चष्मा शोधत येतो आणि दार उघडतो. त्यानं काय म्हणायचं तेही मला ठाऊक होतं : हात धू, भात वाढलाय. पण त्याच्याआधी एक वाक्य हवं होतं, दारातलं. ते मला बंगालीत येईना. मग मी ते मराठीत लिहायला घेतलं आणि आणखीनच अडलो. मराठीत तर ठरवल्याशिवाय गत्यंतर नाही. आला लिहायचं की आली? मी 'आला' लिहून खोडलं. 'आली' लिहून खोडलं. ज्याला तिनं इतकी वर्षं कुणाला बोट लावू दिलं नाही, ते मी एका दुपारी ठरवून टाकणार होतो.

अंक निघाला. मांडव बघायला गर्दी झाली. मागच्या दारानं लोक व्यवस्थित बाहेर पडत होते. 'शरतपर्णी'कडे पत्रांचा ढीग आला. तीस वर्षं थांबवून शेवटी भात वाढलात, असं बहुतेकांचं म्हणणं. एका गृहस्थांनी अंकाचे पैसे परत मागितले. लेखिकेच्या नावाखाली जशोदा छापलेलं होतं; ही कोण बाई, जिनं सगळं बिघडवलं, असंही पुष्कळांनी विचारलं. शेवटी सगळ्यांना बघायचा होता तो बुलूचा चेहरा, आणि तो मी दाखवला नाही, याबद्दल मला कुणी माफ केलं नाही. मिनती बौदी मात्र खूश होत्या. "शेवटी बाईच निघाली ना!" निशीथबाबू म्हणाले, कडी ज्या तऱ्हेनं वाजली त्यावरून तो पुरुष आहे हे सिद्ध झालं. मी दोघांनाही हो म्हटलं. छापलेल्या बंगाली वाक्यात तसं दोन्ही बसतं.

पण ते वाक्य मी आधी मराठीत लिहिलं होतं. आला नाही आणि आली नाही. लहान लेकराबद्दल आपण जसं बोलतो, तसं.

बुलू घरी आलं.